मधुमेहींच्या छातीचा एक्स-रे का नको?

क्षयरोगाचे निदान झाले की रुग्णाच्या रक्तातील साखर तपासायची, हे सरकारी कार्यक्रमात आता रुळले आहे. याच्या उलट, मधुमेहींमध्ये क्षयरोग शोधण्याचे काम २०१७च्या राष्ट्रीय आराखड्यात असूनही मागे पडले आहे. रक्तदाब मोजला, बोटातून थेंबभर रक्त घेतले, महिन्याच्या गोळ्या हातात ठेवल्या की रुग्ण दाराबाहेर. खोकला किती दिवसांचा, रात्री घाम येतो का, हे विचारायचे राहूनच जाते. मधुमेहात क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो आणि आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. दोन्ही आजार एकत्र आले की मृत्यूचा आणि क्षय उलटण्याचा धोका वाढतो. त्यातच वजन घटले, थकवा आला की 'साखर वाढली असेल' म्हणून खरे कारण महिनोन् महिने लपून राहते.

माझे म्हणणे असे की, केवळ लक्षणे विचारून भागणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर हातचे निसटले असते. म्हणून मधुमेहाचे निदान होताच एक एक्स-रे, साखर दीर्घकाळ आटोक्यात नसेल तर वर्षातून एकदा, आणि लक्षणांची विचारपूस प्रत्येक भेटीत व्हावी.

शेकडो एक्स-रे काढावे तेव्हा एखादा रुग्ण सापडणार, मग एवढा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु जिथे लाखामागे १०० किंवा अधिक क्षयरुग्ण आहेत, तिथे उपचारासाठी येणाऱ्या जोखमीच्या लोकांची अशी तपासणी करता येईल, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३१२ निघाले. शिवाय मधुमेही गोळ्यांसाठी दवाखान्यात येतोच, त्याला शोधत घरोघर फिरावे लागत नाही. एक्स-रेत दिसणाऱ्या फुप्फुसांतील जुन्या व्रणांमुळे नाहक औषधे सुरू होतील, ही भीती रास्त आहे. पण एक्स-रे ही फक्त चाळणी. निदान थुंकीच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणीवरच व्हावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्र नसते, हे खरे. मात्र डिसेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग शोधमोहिमेत हातात धरून वापरायची एक्स-रे यंत्रे गावोगावी नेली गेली आणि मधुमेहींनाही जोखमीच्या गटात धरले गेले. मोहिमेपुरते जमते, ते बारमाही का जमू नये?

राज्याच्या आरोग्य विभागाने मधुमेहींच्या तपासणी कार्डावर एक्स-रेचा रकाना घालावा आणि खासगी डॉक्टरांनाही यात सामील करून घ्यावे. तोवर, ज्या मधुमेही वाचकांना दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे किंवा ज्यांचे वजन कारणाविना उतरते आहे, त्यांनी डॉक्टरांकडे एक्स-रे आणि थुंकी तपासणीची मागणी स्वतःहून करावी. सरकारी केंद्रांत क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात.