आज जायचं का?

बालमित्रांनो,

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. आपल्याला नदी माहीत ती वर्धा नाहीतर पैनगंगा, आणि पोहायचं ते विहिरीत. समुद्र फक्त नकाशात! म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सहा मुलांना घेऊन मी मालवणजवळ तारकर्लीला कयाक शिकायला निघाले, तेव्हा गावातली माणसं म्हणाली, "बाई, काहून जिवाशी खेळता?"

त्यांचं चुकत नव्हतं. मागच्याच पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा मित्रांनी चिडवलं म्हणून धरणात उतरला, तो परत आला नाही. त्याची धाकटी चुलतबहीण आमच्यासोबत होती.

कयाक म्हणजे एक-दोघांपुरती अरुंद होडी. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यानं ती चालवतात. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातले इन्युइट शिकारी सीलची कातडी सांगाड्यावर ताणून ती बनवत. आता ती बहुधा प्लास्टिकची असते. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५-१६ साली कयाकमधून गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा पार केला!

आमचं शिक्षण सुरू झालं कर्ली नदीच्या संथ पाण्यात. अंगात लाइफ जॅकेट चढवलं. पहिला धडा कोणता असेल, सांगा पाहू? होडी चालवायचा? छे! होडी उलटवायचा! पाण्यात पडायचं, पण होडी सोडायची नाही. होडी तरंगते आणि लांबून दिसतेही. मग जोडीदार आपली होडी जवळ आणतो, उलटलेली होडी सरळ करून घट्ट धरतो आणि आपण पुन्हा वर चढतो. दोन दिवस ती मुलगी काठावरच बसून होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून म्हणाली, "बाई, आता मी."

रोज सकाळी आमचे प्रशिक्षक विचारत, "आज जायचं का? कारण सांगा." शेवटच्या दिवशी नदीच्या मुखातून समुद्रात जायचं होतं. किनाऱ्याजवळचं पाणी अगदी आरशासारखं. पाचही जण ओरडले, "हो!" ती मात्र म्हणाली, "नाही. झेंडा समुद्राकडं फडकून रायला."

मतलई वारा! भूगोलात शिकलो ना आपण? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठावर माडांच्या आडोशाला तो जाणवत नाही. आत गेलं की होडीला पुढे ढकलतो आणि परत येताना मात्र समोरून अडवतो. त्या दिवशी तो चांगलाच जोरात होता. प्रशिक्षकांनी मान डोलावली आणि होड्या नदीत वरच्या अंगाला वळवल्या.

मुलं फुरंगटली. खरं सांगते, मीही हिरमुसले. एवढ्या लांब आलो आणि समुद्रात गेलोच नाही!

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "बाई, आमच्या दादाले कोणीच 'नको' नाही म्हटलं."

मला काही उत्तर सुचलं नाही.

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ आईबाबांसोबत करायचा आहे. गावातल्या भोईकाकांकडे जा. आपल्या तळ्यात, धरणात खोल कुठे, गाळ कुठे, ते विचारा. वहीत नकाशा काढा आणि वर्गात लावा. आणि कुणी चिडवून पाण्यात उतरवू लागलं, तर मोठ्यानं कारण सांगा आणि 'नको' म्हणा.

तुमची,
बाई