अप्रिय वृत्ताची जबाबदारी

खानदेशातल्या बोदवडच्या पंचक्रोशीतील, कापूस आणि मका यांच्या उत्पन्नावर ज्याचे घर चालते अशा कुटुंबातला मुलगा बांभोरी, भुसावळ अथवा जळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी घेऊन पुण्याच्या हिंजवडीकडे सॉफ्टवेअरच्या नोकरीस निघाला, म्हणजे त्याला चोहोकडून जो उपदेश होतो, तो आता इतका ठरून गेला आहे की तो एकदा तपासून पाहावा असे कोणास वाटेनासे झाले आहे. ‘तुझी बुद्धी कमी नाही, पण इंग्रजी कच्चे आहे, तेवढे फाडफाड बोलायला शीक, साहेबापुढे नकारघंटा वाजवू नकोस, आणि दीड-दोन वर्षांत कंपनी बदलून पॅकेज वाढवून घे,’ हा त्या उपदेशाचा गोषवारा होय. उपदेश करणारी माणसे दुष्ट नाहीत. कर्ज काढून शिकविलेल्या मुलाचे बस्तान लवकर बसावे, एवढीच त्यांची इच्छा असते, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे हसण्यावारी न नेता त्याचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते. कारण ज्या गुणावर या व्यवसायात माणसाची किंमत ठरते, नेमका तोच गुण हा उपदेश मारून टाकतो.

इंग्रजी अनावश्यक आहे असे प्रतिपादन करण्याचा माझा मुळीच मानस नाही. ज्या व्यवसायातील ग्रंथ, करारमदार आणि परदेशस्थ ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो, त्यात शिरणाऱ्याने ती भाषा मन लावून शिकली पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो ती अस्खलित असली की संवाद साधला आणि तिचे उच्चार गावाकडचे असले की संवाद फसला, या समजुतीशी. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोहोचताच हातचे गेले. यान बांधणाऱ्या कंपनीचा प्रोग्राम बलाचे आकडे पौंडांच्या परिमाणात देत होता आणि यानाचा मार्ग आखणारी मंडळी तेच आकडे न्यूटनच्या परिमाणात आहेत असे धरून चालली होती. दोन्हीकडची माणसे विद्याविभूषित होती, दोन्हीकडचा सारा व्यवहार इंग्रजीतच होता, आणि तरीही चौकशी मंडळाला अपघाताच्या कारणांत संघांमधील अपुऱ्या संवादाची नोंद करावी लागली.

याच्या उलट बाजूचा पुरावा तर आपल्या घरातच आहे. ज्या विद्यापीठाची पदवी या मुलांच्या हातात पडत आली, त्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. असोद्यात जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची रचना इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. पाहिलेली वस्तू जशी आहे तशी, एकही शब्द वाया न घालवता, आपल्या लेवा बोलीत सांगण्याचे त्यांचे सामर्थ्य ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत आले, त्या प्रदेशातील मुलांना ‘तुम्हांला कम्युनिकेशन नाही’ असे सरसकट ऐकविणे हा अन्याय आहे. संगणकशास्त्रातील थोर डच पंडित एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली एक टिपण लिहिले, त्याचा विषयच मुळी बोचणारी सत्ये कशी सांगावीत हा होता. आणि त्यात त्यांनी गणिती वृत्तीच्या जोडीने मातृभाषेवरील असाधारण प्रभुत्व हे समर्थ प्रोग्रामरचे सर्वांत मोलाचे भांडवल ठरविले आहे. इंग्रजीवरील नव्हे, मातृभाषेवरील. विचार जिथे घडतो तिथेच तो नीट घडला नसेल, तर दुसऱ्या भाषेत नेल्याने तो सुधारत नाही.

मग या व्यवसायातला संवाद म्हणजे प्रत्यक्षात काय? रात्री अकरा वाजता एखादा कनिष्ठ अभियंता आपल्या टीम लीडला चार ओळी लिहितो: ‘काल केलेल्या बदलानंतर काही खातेदारांच्या नोंदी दोनदा पडत आहेत. कारण अद्याप सापडलेले नाही. ते सापडेपर्यंत उद्याचे रिलीज थांबवावे, असे माझे मत आहे. सोबत तीन नोंदी उदाहरणादाखल जोडल्या आहेत.’ या मजकुरात काय घडले, काय कळलेले नाही, काय करावे आणि पुरावा कोणता, हे सारे आले. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिला तरी त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. आणि तो लिहिण्याऐवजी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ‘ऑल इज वेल’ म्हणून सफाईदार भाषण ठोकले, तर ते भाषण कितीही अस्खलित असो, त्याला संवाद म्हणता येणार नाही. इथे एक गोष्ट लक्षात यावी. हे चार ओळींचे टिपण कौशल्याच्या खात्यात मांडावे की सचोटीच्या, हे सांगता येत नाही. प्रतिकूल वृत्त वेळेवर, योग्य माणसाकडे, लेखी पोहोचविणे यात दोन्ही एकच होऊन जातात, आणि म्हणून सॉफ्ट स्किल्सचा तास वेगळा आणि नीतिशास्त्राचा तास वेगळा ही आपल्या महाविद्यालयांतील विभागणीच मला निराधार वाटते.

अशा टिपणाची किंमत कोण मोजतो, हे खानदेशच्या शेतकऱ्याइतके कोणी जाणत नसेल. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज संगणकावरूनच भरण्याची अट घातली. गावोगावच्या केंद्रांवर रांगा लागल्या. निंदणी-खुरपणीने रेषा झिजलेला अंगठा यंत्रावर टेकवायचा, यंत्राने तो नाकारायचा, धोतराच्या सोग्याला पुसून तो पुन्हा टेकवायचा, आणि तरीही जमले नाही तर उद्या या म्हणून परत फिरायचे, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला आला. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबर रोजी, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली. आणि लागलीच लाभार्थ्यांच्या याद्यांत चुका आढळून त्या मागे घ्याव्या लागल्या. बँकांकडून आलेली माहिती आणि अर्जांतील माहिती यांची रुजुवात पुरी झालेली नव्हती. मुहूर्त ठरलेला असताना ‘याद्या अजून तयार नाहीत’ हे वाक्य उच्चारणे किती जड जात असेल, हे मी जाणतो. परंतु ते वाक्य मुहूर्ताआधी शिरोधार्य मानले गेले असते तर हातात प्रमाणपत्र आणि यादीत नाव नाही अशी विटंबना शेतकऱ्याच्या वाट्याला आली नसती. ज्या मुलाला आपण ‘नकारघंटा वाजवू नकोस’ म्हणून पाठवितो, त्याच मुलाच्या मौनाचे फळ उद्या त्याच्याच बापाच्या सातबाऱ्यावर येऊन पडू शकते.

यावर आक्षेप येतो तो असा की, नोकराने हुकूम पाळावा, परिणामांची जबाबदारी हुकूम देणाऱ्याची. हा आक्षेप न्यायालयात टिकलेला नाही. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींत, तपासणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता विषारी धूर कमी करणारा प्रोग्राम घातलेला होता. २०१५ साली हे बिंग फुटले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये जेम्स लियांग या अभियंत्याला अमेरिकेतील न्यायालयाने ४० महिन्यांची कैद आणि २ लाख डॉलरांचा दंड सुनावला. वरिष्ठांच्या काव्याची जबाबदारी तो आपल्या अंगावरून झटकू शकला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि त्याला मी हलके लेखणार नाही. घराचा हप्ता, बहिणीचे लग्न, गावाकडचे पीककर्ज यांचे ओझे वाहणाऱ्या पंचविशीतल्या माणसाने वरिष्ठांचा रोष कसा ओढवून घ्यावा? मी म्हणतो, त्याने हुतात्मा होण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणे, शंका लेखी नोंदविणे, खोट्या अहवालावर स्वतःची सही न करणे, एवढ्या पायऱ्या राजीनाम्याच्या पुष्कळ अलीकडे आहेत. आणि या ओझ्याचा मोठा वाटा कनिष्ठाच्या नव्हे, ऐकणाऱ्याच्या खांद्यावर पडला पाहिजे. जुन्या कापूस बाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी नुसता उभा राही. १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला आणि पुढे बाजार समित्यांत उघड लिलाव रूढ झाला, तेव्हा कुठे भाव चारचौघांत बोलला जाऊ लागला. तो बदल शेतकऱ्याने आवाज चढविल्यामुळे घडला नाही, बाजाराचा नियम बदलल्यामुळे घडला. ज्या कचेरीत चूक कळविणाऱ्याच्या अप्रेझलमध्ये गुण कापले जातात, तेथील व्यवस्थापकाने कनिष्ठांच्या संवादकौशल्याविषयी तक्रार करू नये.

आता उरला त्या उपदेशातला कंपनी बदलून पॅकेज वाढविण्याचा भाग; त्याविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. कंपनी बदलणे पाप नाही. खोटा अनुभवाचा दाखला विकत घेऊन बदलणे ही लबाडी आहे, आणि ती पुण्यात किती सर्रास चालते हे तिथे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी आपल्याच अमळनेरात वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली आणि पुढे विप्रो या नावाने जगभर गेलेली कंपनी सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा चर्चेत आली, ती प्रतिस्पर्ध्यांकडेही गुपचूप नोकरी करणाऱ्या ३०० जणांना कमी केल्यामुळे. फावल्या वेळात आणखी काही काम करावे की नाही, यावर दोन मते संभवतात. लपवून करावे, यावर दुसरे मत संभवत नाही. ज्यांनी मालकाला आधी विचारले असते, त्यांना फार तर नकार मिळाला असता.

म्हणून खानदेशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची परीक्षा घेताना विद्यार्थ्याला आपल्या प्रोग्रामात काय चुकते, कुठे तो फसेल आणि त्याचा फटका कोणाला बसेल, हे दोन पाने मराठीत, संगणक न जाणणाऱ्या शेतकऱ्याला समजेल अशा रीतीने लिहावयास लावावे, आणि त्या दोन पानांना प्रकल्पाइतकेच गुण द्यावेत. आणि दिवाळीला बोदवडला येणाऱ्या ज्येष्ठ अभियंत्यांनो, ओट्यावर जमलेली धाकटी मुले तुम्हांला पॅकेज विचारतील. तो आकडा अवश्य सांगा; पण तुम्ही कोणती चूक वेळेवर कळविली आणि त्यानंतर काय झाले, हेही त्यांना सांगा.