टोपडे कोणासाठी?

पेण-रोह्याकडील आमच्या ख्रिस्ती घरांत क्रोशाची सुई अजून गंजलेली नाही, याचा आम्हांस आनंद आहे. ती कोणासाठी चालते, हा मात्र आमच्या तक्रारीचा विषय आहे. वेदीच्या वस्त्राची किनार, टेबलावरचे आच्छादन आणि बाप्तिस्म्याच्या छायाचित्रासाठी विणलेले टोपडे यांतच ती गुंतून पडली आहे. ऐन मे महिन्यात लोकरी टोपडे आणि नायलॉनचा झगा घातलेले, घामाने चिंब बाळ आमच्यापुढे आणले जाते. तो साज बाळासाठी नसून पाहुण्यांसाठी असतो, हे सांगण्यास धर्मशास्त्र लागत नाही.

आता आपल्याच डोंगरांतील कातकरी वाड्यांकडे पाहा. दिवाळी सरली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांची आणि कोळसाभट्ट्यांची वाट धरतात. पौषातल्या पहाटे झोपडीत निजलेल्या तान्ह्याचे डोके उघडे असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी थोडी. त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी होते. एकट्या टोपड्याने हे घडले नाही. परंतु बाळाला उबदार राखणे हाही त्या काळजीचा भाग होता.

कोणी म्हणतील, टोपडी बाजारात स्वस्त मिळतात. मग ती वाडीवर का पोहोचली नाहीत? कोणी म्हणतील, बाईच्या हाती पुन्हा सुईच का? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचे श्रम ‘फावल्या वेळचे’ ठरवून त्यांना कसे तुटपुंजे मोल दिले गेले, हे मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे. म्हणूनच दोऱ्याचा खर्च धर्मग्रामाने उचलावा आणि सुई पुरुषांनीही हाती घ्यावी. पेणेत मूर्तीचे डोळे आखणाऱ्या हातांना बारीक काम कधी कमीपणाचे वाटले आहे काय?

काम सोपे आहे. मऊ सुती दोरा घ्यावा. चार-पाच साखळ्यांचे कडे करून मुक्या खांबांनी गोल वाढवत न्यावे आणि मग वाढ थांबवून कड उतरवावी. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. जाळीची नक्षी नको, तिच्यात इवली बोटे अडकतात. गळ्याशी नाडी नको, मणी नकोत. टोपडे धुऊनच द्यावे. उकाड्यात, आणि घरात बाळ उबेला निजले असता ते काढून ठेवावे, हेही आईला सांगावे.

यापो नगरीत टबीथा वारली तेव्हा विधवांनी पेत्रापुढे तिची स्तुती गाइली नाही. तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखविली. आमच्यामागे दाखविण्याजोगे काय उरणार आहे? खळ घातलेली किनार, की एखाद्या वाडीवरच्या बाळाचे धुऊन-धुऊन विटलेले टोपडे?