आकडा भरणाऱ्याला उत्तर मिळावे

२००८ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्या हानीतून धडा घेऊन २००९-१० पासून महाराष्ट्रात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, अर्थात ‘क्रॉपसॅप’, सुरू झाला. शेतातील निरीक्षण, संगणकातील नोंद, तज्ज्ञांचे विश्लेषण आणि शेवटी शेतकऱ्याला सल्ला, अशी ही साखळी आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली आली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून किडीचे छायाचित्र पाठवू लागला. तंत्र वेगाने पुढे गेले; मात्र ही माहिती प्रणाली चालविणाऱ्या माणसांच्या कार्यप्रेरणेचा विचार मागे राहिला.

गुलाबी बोंडअळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अळी बोंडाच्या आत असते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसते. म्हणूनच एकरी २० हिरवी बोंडे तोडून व फोडून पाहण्याची शिफारस केली जाते. त्यांपैकी २ बोंडांत जिवंत अळी आढळली, की १० टक्के ही आर्थिक नुकसानीची पातळी गाठली जाते. म्हणजे एका बोंडाची चूक ५ टक्क्यांची ठरते. उन्हात उभे राहून अठरावे बोंड फोडायचे की अंदाजाने आकडा लिहायचा, हा निर्णय सर्वेक्षक एकटाच घेतो. पडद्यावर मोजलेला शून्य आणि न मोजलेला शून्य सारखाच दिसतो. पहिल्या शून्यामुळे अनावश्यक फवारणी वाचते, तर दुसऱ्यामुळे हातचे पीक जाते.

मग अठरावे बोंड फोडण्याची प्रेरणा येते कोठून? हॅकमन व ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात कार्यप्रेरणेचे पाच घटक मांडले: कौशल्यांची विविधता, कामाची सलगता, कामाचे महत्त्व, स्वायत्तता आणि केलेल्या कामाच्या परिणामाची माहिती. त्यांच्या सूत्रात पहिल्या तीन घटकांची सरासरी घेतली जाते, परंतु स्वायत्तता व परिणामाची माहिती यांनी तिला गुणले जाते. गुणाकारातील एक घटक नगण्य झाला, की उरलेल्यांचे बळही ओसरते. काउगर व झावाकी यांनी हीच चौकट संगणक व्यावसायिकांना लावली. त्यांचा १९८० चा ग्रंथ असे दाखवितो, की या वर्गात शिकण्याची व वाढण्याची ओढ इतर व्यवसायांच्या तुलनेत अधिक असते.

कीड सर्वेक्षणाच्या कामाचे महत्त्व निर्विवाद आहे. उणीव आहे ती परिणामाच्या माहितीची. सर्वेक्षकाने पाठविलेला आकडा वर जातो. त्यावरून कोणता सल्ला निघाला, हे त्याच्यापर्यंत क्वचितच परत येते. नोंदणी चालकाला केवळ रकाने दिसतात. आज्ञावली लिहिणाऱ्याने कामगंध सापळ्यातील पतंग मोजलेले नसतात. अशा स्थितीत कामाचे मूल्यमापन नोंदींच्या संख्येवर झाले, तर नोंदी वाढतील. त्यांतील सत्य वाढेलच असे नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. हंगामी नेमणूक, अपुरे मानधन आणि प्रवासखर्चाचा विलंब असताना प्रेरणेच्या गोष्टी पोकळ वाटतात. वेतन व सेवाशर्ती हा पाया आहे, हे मान्यच करावे लागेल. तथापि पाया घातला म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही. वेळेवर मिळालेले मानधन माणसाला शेतापर्यंत आणते. अठरावे बोंड फोडायला त्याला कारण लागते.

त्यासाठी मोठा खर्च नको. प्रत्येक आठवड्यास सर्वेक्षकाच्या मोबाइलवर उलट संदेश जावा: त्याच्या गावाचा आकडा काय होता आणि त्यावरून कोणता सल्ला दिला गेला. पर्यवेक्षकाने नोंदी मोजण्याऐवजी निवडक शेतांत पुन्हा निरीक्षण करून आकडे ताडून पाहावेत. ‘निरीक्षण झाले नाही’ असा स्वतंत्र पर्याय प्रणालीत असावा आणि तो निवडणाऱ्याला जाब विचारला जाऊ नये. प्रामाणिक रिकामी जागा खोट्या शून्यापेक्षा उपयुक्त असते. संगणक कर्मचाऱ्यांनी हंगामात निदान एक दिवस सर्वेक्षकासोबत शेतात काढावा. रकाने कसे असावेत, हे त्यांना तेथेच उमगेल.

प्रगतिशील शेतकऱ्यांचा वाटाही लहान नाही. सर्वेक्षक बांधावर आला, तर त्याच्यासोबत बोंडे फोडावीत आणि सल्ल्यानुसार केलेल्या उपायाचा गुण आला की नाही, हे पुढच्या फेरीत त्याला आवर्जून सांगावे. आपल्या आकड्याने कोणाचे तरी पीक वाचले, हे एकदा ऐकलेला माणूस अठरावे बोंड सहसा टाळत नाही.