केस शेबाचाच कशावरून?

‘प्रेतावरच्या केसाचा डीएनए आरोपीच्या कुत्र्याशी जुळला, आता आणखी काय पुरावा हवा?’ हा पूर्वपक्ष. अटलांटातल्या 1979 ते 1981च्या हत्यासत्राचा विषय निघाला की तो मोठ्या आवेशाने मांडला जातो. 1982 मध्ये वेन विल्यम्स दोषी ठरला, त्यात गालिच्याच्या धाग्यांबरोबरच त्याच्या घरच्या शेबा या जर्मन शेफर्ड कुत्रीच्या केसांशी मिळत्याजुळत्या केसांवर भिस्त होती. 2007 मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने त्या केसांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. क्रम जुळला. पण तोच क्रम शंभरातल्या एका कुत्र्यात आढळेल, सबब केस शेबाचाच असे ठामपणे म्हणता येत नाही, हे प्रयोगशाळेनेच सांगून टाकले. लाखभर कुत्री असलेल्या शहरात असे हजार उमेदवार निघतील!

गळून पडलेल्या केसात केंद्रकातला डीएनए जवळजवळ शिल्लक नसतो. केस घडतानाच त्याची वाताहत होते. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या प्रती पेशीत शेकड्यांनी असतात, म्हणून त्यातल्या काही तग धरतात. कुत्र्यात हा रेणू सुमारे 16,700 अक्षरांचा, आणि तपासात बहुधा त्यातला नियंत्रक पट्टाच वाचतात. तो येतो फक्त आईकडून. त्यामुळे एका विणीतली सगळी पिल्ले, त्यांची आई, आजी, मावश्या, मावश्यांची पिल्ले, सगळ्यांचा क्रम सहसा एकच. चिठ्ठीवर नुसते ‘जोशी’ लिहिलेले सापडले म्हणून सदाशिव पेठेतल्या एकाच जोशींना चौकीवर नेण्यासारखा हा प्रकार. जातिवंत कुत्र्यांत तर मोजक्या माद्यांपासून अख्खी जात वाढलेली असू शकते. मग ‘शंभरात एक’ हा सर्वसाधारण आकडा त्या जातीपुरता कितपत खरा धरायचा?

एवढ्यावरून बचावपक्षाचे वकील ‘मग ही चाचणी कुचकामी’ म्हणतात, तेही तितकेच उथळ. तिचे खरे बळ वगळण्यात आहे. क्रमांत स्पष्ट तफावत निघाली, तर संशयित कुत्रे यादीतून बाद आणि बिनबुडाचा संशयही. केस भलत्याच कुठल्या कुत्र्याचा असता, तर त्या आकड्याप्रमाणे शेबा शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा सुटली असती. ती सुटली नाही. हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही, पण गालिच्याच्या धाग्यांशेजारी ठेवला की त्याला वजन येते.

रक्त किंवा मुळासकट केस हाती लागला तर केंद्रकातला डीएनएच तपासावा. सिएटलमध्ये 1996च्या खुनात चीफ या कुत्र्याचे रक्त संशयितांच्या जॅकेटवर सापडले, तेव्हा तसेच केले होते. (तिथेही पद्धत शास्त्रमान्य आहे की नाही हे आधी तपासायला हवे होते, असे अपील न्यायालयाने पुढे बजावले, शिक्षा मात्र कायम राहिली.) नुसती काडी मिळाली, तर एका पट्ट्यावर न थांबता शक्य तेव्हा सगळा रेणू वाचावा. आणि अहवालात ‘जुळला’ या शब्दाखाली लिहावे, की तुलना किती कुत्र्यांशी केली, त्यातली त्या शहरातली किती, त्या जातीची किती आणि त्यांपैकी कितींचा क्रम हाच निघाला.