रात्रीचा चष्मा

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमचे मेहुणे दादासाहेब स्वतः मोटार हाकीत साताऱ्याहून पुण्यास आले, ते डोळ्यांवर पिवळाधमक चष्मा चढवूनच. दारातच त्यांनी विचारले, "कसा काय दिसतो?"

"दादा, कावीळ झाली की फुकट दिसतं, ते तू पैसे मोजून आणलंस की रे!" बहिणीने अभिप्राय दिला.

चष्मा टेलिव्हिजनवरच्या जाहिरातीतला. ९९९ रुपयांस एक, त्यावर दुसरा फुकट. ती जाहिरात आम्हीही पाहिली आहे. आधी धूसर रस्ता आणि अंगावर येणारे दिवे. मग चष्मा पुढे सरकतो आणि रस्ता आरशासारखा लख्ख! वाचकहो, ती धूसर वाट आणि ती लख्ख वाट, दोन्ही चित्र तयार करणाऱ्याच्याच हातात असतात, एवढे ध्यानात ठेवा.

तरीपण दादासाहेबांना बरे वाटत होते, हे खोटे नव्हे. हल्लीच्या एलईडी दिव्यांच्या पांढऱ्या झोतात निळा प्रकाश बराच असतो. पिवळे भिंग तो अडविते, म्हणून झोत सौम्य भासतो. पण प्रकाश अडविताना भिंग समोरचा ट्रक आणि कडेने चाललेला माणूस असा भेद करीत नाही. अंधारात आधीच प्रकाश तोकडा, त्यातला थोडा आपण आणखी गमावतो. शिवाय वयाबरोबर डोळ्यातले नैसर्गिक भिंग आपोआपच पिवळट होत जाते. त्यावर पदरचे पैसे घालून आणखी पिवळेपणा कशाला?

अमेरिकेत बोस्टनच्या नेत्रसंशोधन संस्थेत २२ जणांना गाडी चालविण्याच्या नकली यंत्रावर बसवून याची परीक्षा झाली. समोरून दिव्यांचा झोत सोडला, रस्त्यावर पादचारी दाखविले, आणि तीन तऱ्हेचे पिवळे चष्मे व एक साधा पांढऱ्या काचेचा चष्मा आळीपाळीने घालावयास दिला. २०१९ साली निष्कर्ष छापून आला : पिवळ्या चष्म्यांनी पादचारी लवकर दिसण्यास काहीच मदत झाली नाही.

या चष्म्याची भावंडेही पुष्कळ. संगणकापुढे डोळे शिणू नयेत म्हणून निळा प्रकाश अडविणारी भिंगे घ्या म्हणतात. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या, पण निदान थोड्या काळात तरी शीण कमी होतो असे आढळले नाही. बारीक छिद्रांच्या चष्म्यातून अक्षर खरोखरच ठळक दिसते, परंतु तो चष्मा असेपर्यंतच. नंबर काही उतरत नाही, आणि आजूबाजूचे दिसेनासे होते. चकती फिरवून नंबर बदलणारा चष्मा अडीअडचणीला चालेल, पण सिलिंडरचा नंबर असलेल्यास तो पुरा पडत नाही.

९९९ रुपये गेले तर गेले. दिवाळीच्या फटाक्यांतही जातात. खरी गोष्ट जेवताना बाहेर पडली. दादासाहेब सहज म्हणाले, "शिरवळ सोडल्यावर एक सायकलवाला एकदम पुढ्यात उगवला. चष्मा होता म्हणून बरं!"

घास आमच्या हातातच राहिला. मी विचारले, "दादासाहेब, दिव्यांभोवती वलये दिसतात का?"

"दोन वर्षं झाली. म्हणून तर हा चष्मा घेतला!"

दसरा उलटताच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षे डोळे जे सांगत होते, त्याच्यावर दादासाहेबांनी पिवळा पडदा टाकला होता! आता शस्त्रक्रिया झाली आहे आणि दिव्यांना दिव्यांएवढेच तेज आले आहे. तो सायकलवाला कोण होता ठाऊक नाही. यंदाच्या दिवाळीत त्याच्याही घरी पणत्या लागोत.

तेव्हा, घ्यावा की न घ्यावा? रात्रीसाठी मुळीच घेऊ नये. दुपारच्या उन्हात रस्त्याची चकाकी मारावयास पोलराइज्ड काळा चष्मा घ्या, मात्र तो अतिनील किरण अडविणारा असल्याची खात्री करून; आणि दिवस मावळला की काढून ठेवा. रात्री दिवे खुपू लागले, तर आधी मोटारीची काच आणि स्वतःचा चष्मा आतून-बाहेरून पुसा. तरीही खुपले, तर टेलिव्हिजनवरच्या नंबरास फोन करू नका. डोळ्यांचा नंबर तपासून घ्या.