होसकोट्याचे मृत्यू कोण मोजणार?

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा सुखवस्तूंचा आजार, असा एक समज आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास तो खराही होता. पुढे तपासणी व उपचार आले, ते प्रथम सुस्थितांच्या वाट्याला. परिणामी शतक संपताना गरिबांतील मृत्युदर अधिक झाला.

भारतात हा रोग तुलनेने कमी आढळतो. त्यामुळे २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिशीनंतरच्या सामुदायिक तपासणीत मुख, स्तन व गर्भाशयमुख एवढ्याच कर्करोगांचा समावेश झाला. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ज्याच्या त्याच्या ऐपतीवर राहिली. २०१८च्या आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांचे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून दवडलेले महिने ते भरून देत नाही.

बंगळुरूत १९७३ पासून किडवाई कर्करोग संस्था आहे, १९८२ पासून कर्करोग नोंदणीही आहे. परंतु ती महानगराची. पंचवीस-तीस किलोमीटरवरील होसकोटे वेगळ्या जिल्ह्यात मोडते. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झाले ते अवघ्या २२.५ टक्क्यांचे. अशा स्थितीत गरीब-श्रीमंतांतील दरी रुंदावते आहे की कमी होते आहे, हे ठरवायचे कसे?

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेव्हा हे काम अशक्य नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. निर्णय विधानसौधातच व्हावा लागेल. ज्यांचे मृत्यू मोजले जात नाहीत, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.